वाईहून परत आलेले अंक

बाड हेलनाऊ, ९ मे १९५८

तीर्थरूप अप्पा,

नमस्कार. वाकून केला आहे. घरमालकीण दारातून बघत होती, तरी केला.

हे माझं सहावं पत्र. आधीच्या पाचांना उत्तर नाही, म्हणजे ती पोचली असणार. न पोचती तर तुम्ही आपल्या 'घाटमाथा' साप्ताहिकात पोस्टखात्याला दोन कॉलम झोडपलं असतं. मला काय हवं ते सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हांला ठरवता येईल. मला तुमच्या हातचं एक अक्षर हवं आहे. रागाचं असलं तरी चालेल.

बोटीची तारीख एकाएकी हातात पडली, रौप्यमहोत्सवी दिवाळी अंक अर्धाच जुळवून झाला होता आणि मला निघावं लागलं, हे मी पूर्वीच्या पत्रांतही लिहिलं आहे. उरलेली पानं छापखान्यात श्रीपादने जुळवून पुरी केली असतील. त्याच्या ओळी वाकड्या येतात, पण मनाने तो सरळ आहे.

आता बातमी. तुमची मुलगी पुन्हा छापखान्यात खिळ्यांच्या केसपुढे उभी राहिली आहे. फ्रँकफर्टमध्ये आम्हां दोघांना मिळून एक खोली मिळेना, म्हणून आम्ही आगगाडीने पाऊण तासावरच्या या गावात राहतो. हे सकाळी विद्यापीठात आपल्या रसायनांकडे जातात आणि संध्याकाळी त्यांचाच वास घेऊन परत येतात. गाव म्हणजे खाऱ्या पाण्याचा एक झरा आणि त्याच्याभोवती बांधलेली हॉटेलं. शंभर वर्षांपूर्वी कुणा डॉक्टरने सांगितलं की या पाण्याने यकृत सुधारतं, तेव्हापासून लोक इथे येऊन, नाक दाबून, पेल्यामागून पेले पितात. मीही प्यायले. नासक्या अंड्यात मीठ घातल्यासारखं लागतं.

आणि या गावाला एक साप्ताहिक आहे, अप्पा. १८६८ सालापासूनचं. मालकीण फ्राउ आल्बेर्स स्वतःच अग्रलेख लिहितात, स्वतःच जाहिराती आणतात. खिळे जुळवतात हेर, म्हणजे आपल्याकडचे श्रीयुत, क्नीप, वय पासष्ट. बाकीचा मजकूर ओळी पाडणाऱ्या यंत्रावर होतो, पण तिसरं पान अजून हातानेच जुळवतात. त्या पानावर त्या आठवड्यात गावात आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव, धंदा, गाव आणि उतरण्याचं ठिकाण छापतात. पूर्वी तिथे रशियन सरदार आणि त्यांच्या मावश्या असायच्या. आता विम्याच्या खर्चाने आलेले खाणकामगार असतात. क्नीपसाहेब खाणकामगाराचं नावही सरदाराच्या तोऱ्यात लावतात. लोक अंक घेतात तेच मुळी स्वतःचं नाव बघायला, आणि कोण कोणाबरोबर आलं तेही.

क्नीपसाहेबांचा खांदा दुखतो, म्हणून हंगामापुरता मदतनीस हवा होता. बाई आलेली पाहून त्यांनी फ्राउ आल्बेर्सकडे, 'हे काय आणलंत' अशा नजरेने पाहिलं. मग माझ्या हातात खिळे जुळवायची स्टिक ठेवली. जी भाषा मला अजून नीट बोलता येत नाही, तिच्या आठ ओळी मी जुळवल्या. त्यांनी भिंगातून पाहिल्या आणि खुंटीवरचा एप्रन काढून मला दिला. मला घरी आल्यासारखं वाटलं.

सोबत बुकपोस्टाने एक अंक पाठवते आहे. तिसरं पान अर्धं माझं आहे.

तुमची,
सुलेखा


बाड हेलनाऊ, २३ ऑगस्ट १९५८

तीर्थरूप अप्पा,

काल टपाल आलं. वेष्टणावर पत्ता श्रीपादच्या अक्षरात होता. मी ते जिन्यातच फाडलं. आत पत्र नव्हतं. मी पाठवलेला अंकच परत आला होता, आणि तिसरं पान तांबड्या शाईने भरलं होतं.

तुम्हांला जर्मन येत नाही. तरी तेवीस खुणा. तुटके खिळे, दोन शब्दांमधली कमीजास्त जागा, एका कडेला वर गेलेली रेघ, दुसऱ्या वळणाचा घुसलेला एक खिळा. मी जिन्यात बसून आधी हसले, मग रडले, मग घरमालकीण खाली आली म्हणून पुन्हा हसले. मी अक्षर मागितलं होतं आणि तुम्ही खुणा पाठवल्यात. एक शब्दसुद्धा लिहायचा नाही, हा नेम मात्र बरोबर पाळलात.

मग माझ्या हातून एक चूक झाली. ते पान मी क्नीपसाहेबांना दाखवलं. तेविसांपैकी सात चुका माझ्या होत्या, बाकीच्या त्यांच्या. भिंग घेऊन ते तासभर बसले. त्यांचे कान आधी गुलाबी आणि मग लाल झाले. शेवटी एकेक करत सगळ्या त्यांनी कबूल केल्या. एक सोडून.

तुम्ही वर्तमानपत्राच्या नावालाच गोल केला आहे, अप्पा. नावाला आणि त्याच वळणाच्या सगळ्या मथळ्यांना, आणि बाजूला चुकीच्या वळणाची, राँग फाँटची खूण. ती काटेरी अक्षरं म्हणजे इथलं जुनं वळण आहे. नव्वद वर्षं हे नाव त्याच अक्षरांत छापलं जातं. क्नीपसाहेब म्हणाले, कैसरच्या काळापासून या नावाला कुणी हात लावला नव्हता. हे गृहस्थ कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझे वडील, तेही साप्ताहिक काढतात. त्यावर ते इतकंच म्हणाले, "हो, ते दिसतंच आहे."

तुम्ही हट्टी आहात आणि मी तुमचीच मुलगी आहे. तेव्हा यापुढे दर आठवड्याचा अंक तुम्हांला येईल.

तुमची,
सुलेखा


बाड हेलनाऊ, २५ ऑक्टोबर १९५८

तीर्थरूप अप्पा,

सोबतच्या अंकाचं तिसरं पान बघण्याआधी हे वाचा.

मंगळवारी खंडेनवमी होती. मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, की उद्या आमच्याकडे हत्यारांची पूजा असते, मी केसला हात लावणार नाही. फ्राउ आल्बेर्सना वाटलं हा कामगार संघटनेचा काही प्रकार असावा. क्नीपसाहेबांनी मात्र नीट चौकशी केली. केसलाही सुट्टी का? स्टिकलासुद्धा? मग म्हणाले, एकावन्न वर्षं मी या केसपुढे उभा आहे, पण तिला सुट्टी द्यायची असते हे मला कुणी शिकवलं नाही. त्या दिवशी ते केससमोर खुर्ची टाकून बसले आणि सफरचंदाचा केक खाल्ला.

झेंडू मिळाला नाही, इथलीच पिवळी शेवंती वाहिली. क्नीपसाहेबांची अट होती की फूल चालेल, पूड नको. मी हो म्हटलं आणि त्यांची पाठ वळताच तिसऱ्या पानाच्या बांधलेल्या फर्म्यावर चिमूटभर कुंकू टाकलं. तुम्ही टाकता तसंच, वरच्या डाव्या कोपऱ्यात. तुमच्याकडे ते दुसऱ्या दिवशी श्रीपाद ब्रशाने झाडतो हे मी साफ विसरले.

अंक शनिवारचा, पण पाहुण्यांचं पान बुधवारीच छापून हॉटेलांत वाटतात. पहिल्या ऐंशी प्रतींत तिसऱ्या पानावर, कासेलचे निवृत्त कर-अधिकारी हेर झाउअर यांच्या नावावर, रुपयाएवढा लाल ठिपका उठला. गुरुवारी सकाळी न्याहारीला त्यांच्या टेबलावरची मंडळी एकेक करून उठून दुसरीकडे बसली. लाल ठिपका म्हणजे सांसर्गिक रोग, असं कुणीतरी पसरवलं होतं. दहा वाजता झाउअरसाहेब टोपी हातात घेऊन छापखान्यात हजर. मला काय झालं आहे ते डॉक्टरांनी मला आधी सांगायला हवं होतं, असं म्हणत होते बिचारे.

मी सगळं कबूल केलं. फ्राउ आल्बेर्सनी जादा पत्रक काढलं, की लाल ठिपका ही भारतातली मंगल खूण असून आदरणीय व्यक्तींना लावली जाते. दुपारी चार पाहुणे छापखान्यात आले. आमच्या नावावर ठिपका का नाही, असं विचारत होते. झाउअरसाहेब आता मला रस्त्यात पाहिलं की टोपी काढतात.

ठिपक्याची प्रत मुद्दाम तुम्हांला पाठवते आहे. काय गोल करायचा तो करा.

तुमची,
सुलेखा


बाड हेलनाऊ, १८ जानेवारी १९५९

तीर्थरूप अप्पा,

ठिपक्याचा अंक परत आला. अकरा खुणा.

मी पान खिडकीशी नेऊन पुन्हा पुन्हा बघितलं. ठिपक्याच्या अगदी कडेला एक तुटका खिळा आहे, तो तुम्ही पकडला आहे. म्हणजे नजर तिथवर गेली होती. ठिपक्याला मात्र गोल नाही. शाईचा एवढासा डाग दिसला तरी श्रीपादच्या सात पिढ्या उद्धरणारे तुम्ही, आणि हा रुपयाएवढा डाग तुम्ही तसाच ठेवलात. ह्यांना दाखवलं तर हे म्हणाले, नजरचूक असेल. त्यांना रसायनातलं कळतं.

त्या ठिपक्याने मला धीर आला, म्हणून आज खरं लिहिते. बोटीची तारीख एकाएकी आली नव्हती. मला ती दीड महिना आधी ठाऊक होती. ह्यांनी तिकीट पाठवलं तेव्हा मी ते पितळी डब्यात लपवलं आणि वर डाळ ओतली. लग्नाला तुमची ना नव्हतीच. हे परत येईपर्यंत दोन वर्षं मी छापखाना सांभाळायचा, असं आपलं ठरलं होतं, आणि तुम्हांला न विचारता मी ते मोडलं. तुम्ही "जाऊ नकोस" म्हणाला असतात तर मी राहिले असते. तशी आई गेल्यापासून मी राहतच आले होते. म्हणून तुम्हांला बोलायची संधीच दिली नाही. सोळाव्या पानाचा अर्धा कॉलम स्टिकमध्ये तसाच सोडून मी सकाळच्या मोटारीने गेले. लग्न करून गेले याचा तुम्हांला राग नाही, अंक अर्धा टाकून गेले याचा आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुमच्या जागी मी असते तर मलाही आला असता. माझं चुकलं, अप्पा.

गेल्याचा पस्तावा मात्र मला नाही. तेही खरंच सांगायला हवं.

इकडे तुमची परत आलेली पानं क्नीपसाहेबांनी केसच्या वरच्या भिंतीवर टाचून ठेवली आहेत. छापायला देण्यापूर्वी ते तिसरं पान डोळ्यांपासून लांब धरतात आणि म्हणतात, वाईचे हेर काय म्हणतील? ऑगस्टात तेवीस खुणा होत्या, आता अकरावर आल्या आहेत. फ्राउ आल्बेर्सनी नवे खिळे मागवले आहेत आणि त्याला तुम्हांला जबाबदार धरलं आहे.

आणखी एक बातमी 'स्थानिक वृत्त' सदरात घालण्यासारखी आहे. मे महिन्यात आमच्या घरी एक पाहुणा येणार आहे. उतरण्याचं ठिकाण, आमचीच एक खोली.

तुमची,
सुलेखा


सिटी हॉस्पिटल, बाड हेलनाऊ, १६ मे १९५९

तीर्थरूप अप्पा,

मार्चमध्ये तीन अंक परत आले. एकाही पानावर माझ्या त्या बातमीबद्दल काही नव्हतं. मला असा संताप आला की मी अंक पाठवणं बंद केलं. परवा श्रीपादचं विमानाने पत्र आलं. त्याने लिहिलं आहे, "ताई, अंक का येत नाही? मालक रोज टपालवाल्याला विचारतात आणि त्याने नाही म्हटलं की मला बोलतात. मी लिहिल्याचं कळवू नये." मी कळवते आहे. त्याला रागावू नका. त्याचं पत्र वाचून माझा राग कुठल्या कुठे गेला.

मंगळवारी, १२ तारखेला पहाटे, मुलगी झाली. दोघी खुशाल. नाक तुमचं आहे, त्याला इलाज नाही.

गुरुवारी क्नीपसाहेब हॅट छातीशी धरून आले. बाळाकडे त्यांनी भिंगाशिवायच पाहिलं, आणि मग खिशातून जन्माच्या निवेदनाचं प्रूफ काढलं. पलंगावर बसून मी ते तपासलं. त्यांनी आईबापांची नावं घातली होती. मी खाली एक ओळ वाढवली, 'आजोबा, श्रीरंग सहस्रबुद्धे, संपादक, घाटमाथा, वाई.' इथे निवेदनात आजोबांना घालायची पद्धत नाही, असं ते म्हणाले. शिवाय तुमचं आडनाव त्यांच्या कॉलमात मावत नव्हतं. मी ऐकलं नाही. एक माप लहान खिळे घेऊन त्यांनी ते बसवलं.

मग विचारलं, नाव? मी सांगितलं, आमच्याकडे नाव बाराव्या दिवशी ठेवतात. ते म्हणाले, वर्तमानपत्र शनिवारी निघतं. नावाशिवाय निवेदन म्हणजे दाराशिवाय घर, असं ते पुटपुटत गेले, पण तसंच छापलं. आज सकाळपासून परिचारिका येऊन विचारताहेत की मुलीचं नाव छापायला कसं विसरलात.

इथल्या जन्मनोंदणीच्या कचेरीने, श्टांडेसआम्टने, नावासाठी एक महिन्याची मुदत दिली आहे, १२ जूनपर्यंत. हे रोज एक नाव सुचवतात आणि मी रोज ते नापसंत करते. कारण विचारलं की मला सांगता येत नाही. म्हणजे येतं, पण सांगत नाही. तुम्ही नाव सुचवा असं मी मुळीच म्हणत नाही. निवेदनाचं मराठी चिठ्ठीवर लिहून अंक या वेळी विमानाने पाठवते आहे, एवढंच.

तुमची,
सुलेखा


बाड हेलनाऊ, ९ जून १९५९

तीर्थरूप अप्पा,

बारसं झालं नाही. बारावा दिवस गेला, विसावा गेला. ह्यांनी एरवी कधी आवाज चढवला नाही, पण पाच तारखेला चढवला. मुलीला काय सारखं 'बाळी' म्हणायचं, आणि जे पत्र येणार नाही त्याची वाट किती दिवस बघायची? कचेरीतल्या कारकुनाने शेवटी एखादं साधं जर्मन नाव घालून देऊ का, असं विचारलं. मी आतून पार खचले होते. बुधवारपर्यंत काही आलं नाही तर ह्यांच्या यादीतलं पहिलं नाव देऊन टाकायचं असं मी कबूल केलं.

काल सोमवारी मी बाळीला घेऊन छापखान्यात गेले होते, कारण घरी बसवेना. टपालवाल्याने तिथेच पाकीट आणून दिलं. विमानाचं. पत्ता श्रीपादच्या अक्षरात नव्हता. तुमच्या अक्षरात होता.

मला उघडवेना. बाळी मांडीवर होती, हे कारण पुढे केलं. क्नीपसाहेबांनी हात पुसले, पाकीट कापलं आणि पान केसवर पसरलं. निवेदनातल्या तुमच्या नावाची ओळ तांबड्या शाईने कापलेली होती. एकच आडवी रेघ, तुमची ती ठाम रेघ, नेहमीसारखी. मी पान घडी करायला गेले, तेव्हा क्नीपसाहेबांनी माझं मनगट धरलं.

"थांब. नीट बघ, खाली टिंबं आहेत."

कापलेल्या ओळीखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक टिंबं होती. पेन्सिलीची. रेघ शाईची आणि टिंबं पेन्सिलीची, म्हणजे एका बैठकीतली नव्हेत. ओळ कापून तुम्ही ते पान बाजूला ठेवलंत आणि नंतर केव्हातरी पुन्हा हातात घेतलंत. क्नीपसाहेबांना मी टिंबांचा अर्थ सांगायला गेले, तर ते म्हणाले, आमच्याकडेही हाच अर्थ आहे, कापलेलं कापू नये, होतं तसं ठेवावं. पण तुम्ही नुसत्या टिंबांवर थांबला नव्हता. समासात तुमच्या हातचं लिहिलेलं होतं, 'राहू द्या.'

दोन वर्षांत तुमचं पहिलं अक्षर, अप्पा. एक मागितलं होतं, दोन शब्द मिळाले. मी छापखान्यात सगळ्यांसमोर रडले. बाळीही रडली, तिला भूक लागली होती.

त्या गडबडीत मला दुसरी खूण दिसलीच नाही. फ्राउ आल्बेर्सना दिसली. निवेदनाच्या पहिल्या ओळीत, 'कन्या' या शब्दापुढे, राहिलेला मजकूर घालायची खूण केली होती. बाजूला समासात लिहिलं होतं, 'मजकूर अपुरा', आणि त्याखाली एकच शब्द, 'लतिका'.

मी तो मोठ्याने वाचला. क्नीपसाहेबांनी पुन्हा म्हणायला लावला, आणि स्टिक उचलून उभ्याउभ्या जुळवला. सहा खिळे. मापात बसतंय, म्हणाले. तुमच्या आडनावाबद्दल त्यांचा जो राग होता तो तिथे गेला. मग मी देवनागरीत मनातल्या मनात जुळवून बघितलं. जोडाक्षर एकही नाही. नाव ठेवतानासुद्धा तुम्ही कंपोझिटरचा विचार केलात, हे ह्यांना सांगितलं तर पटणार नाही, म्हणून तुम्हांलाच सांगते. ह्यांना नाव आवडलं. म्हणाले, माझ्या यादीत ते तिसरं होतं. मी यादी बघितली आहे. नव्हतं.

आज सकाळी श्टांडेसआम्टमध्ये गेलो. कारकुनाने चष्मा पुसून नाव लिहून घेतलं आणि हे चार आठवडे कशासाठी अडलं होतं ते विचारलं. मी पान पुढे केलं. त्याने तांबडी रेघ पाहिली, टिंबं पाहिली, समासातलं न कळणारं अक्षर पाहिलं, आणि विचारलं की हे कोणी भरलं.

मी म्हटलं, "आमच्या संपादकांनी."

या शनिवारी निवेदन पुन्हा छापतो आहोत, नावासकट आणि आजोबांच्या ओळीसकट. प्रूफ सोबत आहे. तपासून पाठवा.

तुमची,
सुलेखा